व्हील सिलिंडर बदलला, एअर काढली, तरी ब्रेक पेडल खालीच

मुलुंडकर_८०० विचारतात:
गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागचा डावा व्हील सिलिंडर (ड्रममधला, ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा) गळत होता म्हणून बदलला. चारही चाकांच्या ब्रेक ऑइलमधली एअर काढली, निपलमधून (एअर सोडायचा पोकळ स्क्रू) बुडबुडे बंद झालेत. तरी पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याखाली जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. मास्टर सिलिंडर (पेडलमागचा, चारही चाकांकडे ऑइल ढकलणारा) गेला का?

रिंगपाना:
लगेच मास्टर सिलिंडरवर जाऊ नका. वर आलेलं पेडल घट्ट थांबतं की दबत राहतं? घट्ट थांबत असेल तर दोष बहुतेक एअरचा नाही, ड्रम आणि शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) यांच्यातली गॅप वाढलीय. सिलिंडर बसवताना ही गॅप ठरवणारा अ‍ॅडजस्टर मागे घेतात आणि तसाच राहून जातो. हँडब्रेकची केबल सैल करा, नाहीतर शू पूर्ण मिटत नाहीत. चाक उचलून फिरवत शू हलकेच घासेपर्यंत अ‍ॅडजस्ट करा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं किट (आतली रबरं) बघा.

मुलुंडकर_८००:
वर येतं, पण स्पंजसारखं दबत राहतं.

घाटउतार:
मग एअरच. इंजिन बंद ठेवा. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असं घ्या. तिरक्या सर्किटच्या (एक पुढचं आणि विरुद्ध बाजूचं मागचं चाक एका लाइनवर) काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल पाव फेरा सोडता, ऑइल येतं, निपल बंद करता आणि मगच "सोड" म्हणता. निपल बंद होण्याआधी पाय उचलला की थ्रेडमधून हवा परत आत जाते. बुडबुडे न दिसताही एअर राहण्याचं हे नेहमीचं कारण. दर पाच-सहा दाबांनी टाकी भरा. एकदा टाकीवरच्या 'मिन' खुणेच्या खाली जाऊन हवा ओढली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरचं रबर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) गंजलेल्या भागावर घासून फाटतं, आणि मग खरंच नवा घ्यावा लागतो.

रिंगपाना:
पुढचे कॅलिपर (डिस्क पकडणारे भाग) कधी काढले असतील तर निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावं-उजवं अदलाबदल झालं तर निपल खाली येतो, हवा वर अडकते, कितीही पंप करा.

घाटउतार:
ऑइल सीलबंद डब्यातलंच वापरा, मुंबईच्या पावसाळ्यात उघडा डबा झपाट्याने पाणी ओढतो. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, ओलं झाल्यावर १५५ अंश धरतात. खंडाळ्याच्या उतारावर हा फरक कळतो: ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट तळाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. आणि बोनेटजवळ रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.