होमस्टेला गरम पाणी : हीट पंप आणि गॅस गिझर एकत्र चालेल का?

माडबाग_तारकर्ली:
आमच्या चार खोल्या आहेत, पावसाळ्यात सोलर ढेपाळतो आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून २०० लिटरचा हीट पंप (हवेतली उष्णता खेचून पाणी तापवणारं विजेचं यंत्र) आणि जोडीला गॅस गिझर घ्यायचा विचार आहे. भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडे घर उबदार ठेवायला हीट पंप आणि गॅस फर्नेस (गॅसवरची भट्टी) दोन्ही आहे, कडाक्याची थंडी पडली की पंप थांबतो नि फर्नेस सुरू होते. तसं इथे जमेल का?

वायरमन_गुहागर:
जमेल की, पण कारण वेगळं. तिकडे थंड हवेतून उष्णता खेचताना पंप दमतो, आपल्याकडे किनाऱ्यावर बारा महिने हवा उबदार, त्याला सोयीचंच. २०० लिटर पाणी २७ वरून ५५ डिग्रीला न्यायला साधा गिझर साडेसहा युनिट खातो, हा दोन-अडीचमध्ये भागवतो. फक्त हळू तापवतो, सकाळी सगळे एकदम आंघोळीला गेले की टाकी संपते, तिथे गॅस कामाला येतो.

देवगडकर:
दादा, आधी खाऱ्या वाऱ्याचं बघ. हीट पंपात हवेतली उष्णता घेणारी जी कॉइल असते, तिच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरते आणि त्या झडायला लागतात, कोटिंगवालीच घे, अधूनमधून गोड्या पाण्याने धू. आणि गॅस गिझर बाथरूममध्ये अजिबात नको! बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, वासही येत नाही, माणूस जातो. बाहेर मोकळ्यावर लाव.

वायरमन_गुहागर:
शंभर टक्के. आणि टाकीचं गरम पाणी गॅस गिझरमधून फिरवू नको, बऱ्याच मॉडेलना ते चालत नाही, वेगळी लाईन आणि व्हॉल्व्ह ठेव.