मदत हवी आहे: गच्चीवरून ताऱ्यांचं तापमान काढतेय, आकडे कमी येतायत. आणि अंतर कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात पूर्व भागात राहते. टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात डाइंगच्या लॅबमध्ये शेड मॅचिंग करते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. लॅब डिप (रंगवलेला नमुन्याचा तुकडा) काढायची, लाइट बॉक्समध्ये (ठराविक दिव्यांच्या पेटीत) बायरचा तुकडा आणि आपला तुकडा शेजारी ठेवायचा, फरक आकड्यात काढायचा, हे रोजचं काम. म्हणून वाटलं की ताऱ्याचं तापमान रंगावरून काढतात तर ते मला जमायला हवं.

हे करायचंय वडिलांसाठी. ते ८२ वर्षांचे आहेत. मिलमध्ये होते. दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी यायचे, तेव्हा थंडीच्या दिवसांत मृग चांगला वर आलेला असायचा. मला झोपेतून उठवून माळवदावर न्यायचे आणि मृगातली तांबडी काक्षी (बीटलज्यूज) आणि पांढरा राजन्य (रायजेल), शिवाय व्याध, रोहिणी ओळखायला लावायचे. "एक तांबडी, एक पांढरी. दोन्ही जळतायत, मग रंग वेगळा का? आणि लांब कुठली?" हा त्यांचा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतेय. आता त्यांना व्याध सोडून फारसं काही दिसत नाही. पुस्तकातलं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलंय. मला त्यांना मी स्वतः मोजलेला एक आकडा सांगायचाय.

काय केलं ते सांगते. भावाचा जुना डीएसएलआर, ८५ मिमी लेन्स, ट्रायपॉड. फोकस थोडा ढिला ठेवून दोन-दोन सेकंदांचे फोटो, सगळे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये). एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्यातला निळा आणि हिरवा प्रकाश वेगवेगळा मोजला, शेजारच्या काळ्या आकाशाचा वजा केला. कॅमेरा कशावर तरी लावून घ्यायला हवा, तर आमच्या लाइट बॉक्समधले दोन दिवे घेतले: टंगस्टन बल्ब २८५६ केल्विनचा आणि डी-६५ म्हणजे ६५०० केल्विनचा. पांढऱ्या टाइलचा फोटो दोन्हींत काढला आणि त्यावरून तक्ता बनवला.

फेब्रुवारीतल्या एका रात्री हे आले: काक्षी ३,३००, रोहिणी ३,५५०, व्याध ७,२००, राजन्य ७,४००. पुस्तकात काक्षी साधारण ३,५००, रोहिणी ३,९००, व्याध ९,९०० आणि राजन्य १२,००० आहे. तांबड्या ताऱ्यांत थोडी चूक आणि पांढऱ्यांत एवढी मोठी, हे का? त्याच आठवड्यात पहाटे उतरत्या व्याधाचे फोटो घेतले तर ५,६०० आले. तारा तर तोच आहे ना.

दुसरा प्रश्न अंतराचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून सहा महिन्यांनी जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसतो, हे वाचलंय. मागच्या ऑक्टोबरात पहाटे आणि एप्रिलात संध्याकाळी काढलेले व्याधाचे फोटो एकावर एक ठेवले. काहीच सरकलं नाही. माझी चूक कुठे होतेय?

प्रतिसाद १

ताई, तुमची चूक तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर पटेल, कारण ती तुमच्याच धंद्यातली आहे.

लाइट बॉक्समधला डी-६५ बहुतेक ठिकाणी ट्यूबलाइट असते. डोळ्याला ती ६५०० केल्विनसारखी वाटावी अशी पावडर आत लावलेली असते, पण तिचा वर्णपट (प्रकाश फाकवल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा) सलग नसतो. त्यात पाऱ्याच्या उभ्या रेषा असतात, मध्ये खड्डे असतात. तारा म्हणजे तापलेला गोळा, त्याचा प्रकाश बराचसा सलग. डोळ्याला दोन्ही सारखे, कॅमेऱ्याच्या निळ्या-हिरव्या गाळण्यांना वेगळे. एका दिव्याखाली जुळलेली शेड दुसऱ्याखाली फाटते, तोच मेटामेरिझम. टंगस्टनचा बल्ब खरा आहे, कारण त्यात तार तापलेली असते. म्हणून तुमचे तांबडे तारे बरे आलेत, ते बल्बच्या जवळचे आहेत.

तेव्हा दिवे सोडा आणि ताऱ्यांवरच कॅमेरा लावा. निळ्या गाळणीतली प्रत (तेज मोजायचा आकडा, मंद ताऱ्याचा मोठा) वजा हिरव्या-पिवळ्या गाळणीतली प्रत म्हणजे रंगांक. तो जितका मोठा तितका तारा तांबडा. तुमच्या आकाशात आत्ता हे आहेत: व्याध ०.००, प्रश्वा ०.४२, ब्रह्महृदय ०.८०, रोहिणी १.५४. या चौघांचे तुमचे आकडे आणि हे रंगांक आलेख कागदावर मांडा, रेष ओढा आणि काक्षी त्या रेषेवर कुठे बसते ते वाचा. मग तापमान:

४६०० × [ १ ÷ (०.९२ × रंगांक + १.७०) + १ ÷ (०.९२ × रंगांक + ०.६२) ]

सूर्याचा रंगांक ०.६५ घालून बघा, सुमारे ५,७८० येईल. म्हणजे सूत्र धड आहे.

पहाटेच्या व्याधाचं कारण हवा. डोक्यावरचा तारा आपण हवेच्या एका थरातून बघतो असं धरलं, तर ३० अंशांवरचा दोन थरांतून आणि १५ अंशांवरचा जवळजवळ पावणेचार थरांतून. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून उतरता तारा तांबूस होतो. तुलनेचे तारे शक्यतो सारख्या उंचीवर असताना घ्या.

आता राजन्य. हा दोष तुमचा नाही. तापलेल्या वस्तूसाठी निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर ३,५०० वरून ५,००० केल्विनवर गेलं की पाऊणपट वाढतं. पण १०,००० वरून थेट २०,००० वर गेलं तरी जेमतेम तीस टक्के. राजन्याच्या प्रकाशाचं शिखर अतिनील भागात आहे, तुमच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला फक्त उतार येतो, आणि सगळ्या फार तापलेल्या ताऱ्यांचा उतार सारखाच दिसतो. व्याधाचा रंगांक ०.०० आणि राजन्याचा उणे ०.०३. दोन हजार केल्विनचा फरक त्या तीन शतांशांत दडलाय. रंगावरून तो काढता येणार नाही.

धागाकर्ती

डी-६५ची ट्यूब! बायरचा माल याच कारणासाठी तीन दिव्यांखाली बघायचा असतो हे मी नव्या मुलींना दर महिन्याला शिकवते. फार आभार.

मग राजन्याचं तापमान शास्त्रज्ञ कसं काढतात?

प्रतिसाद १

वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून. आणि याची किल्ली आपल्याच माणसाची आहे. हार्वर्डमध्ये ॲनी जंप कॅनन यांनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट रेषांवरून गटांत लावले होते. पण व्याधात हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि काक्षीत फिक्या का, याचं कोडं होतं. काक्षीत हायड्रोजन कमी आहे का? १९२० साली मेघनाद साहांनी समीकरण मांडलं: अमुक तापमानाला आणि दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतील. त्यातून उलगडलं की रेष ठळक की फिकी हे मुख्यतः तापमानावर ठरतं. हायड्रोजनच्या दिसणाऱ्या रेषा १०,००० केल्विनच्या आसपास सर्वांत ठळक, त्याहून थंड किंवा तापलेल्या ताऱ्यात फिक्या. राजन्यात त्या उतरलेल्या दिसतात आणि शेजारी हेलियमच्या रेषा उगवतात. १९२५ साली सिसिलिया पेन यांनी हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे बहुतांशी हायड्रोजनचेच आहेत. मला हा सगळा प्रकार विज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी वाटतो.

लेन्सपुढे डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच) लावलंत तर व्याधातल्या हायड्रोजनच्या रेषा तुमच्या कॅमेऱ्यातही दिसतील.

प्रतिसाद २

मी पण सोलापूरचाच. ताई, पूर्व भागातल्या गच्चीवरून दिव्यांमुळे लई त्रास होणार. बार्शी रस्त्यानं नान्नजच्या पुढं जावा की, माळ मोकळा आहे. एकट्या जाऊ नका, घरचं कुणीतरी संगं घ्या. रोहिणीचं एक सांगतो, आपलं गाव १७.७ अंश अक्षांशावर आणि रोहिणी १६.५ अंशांवर, म्हणजे ती अगदी डोक्यावरनं जाते. हवेचा त्रास सगळ्यात कमी. उन्हाळ्यात धूळ चढायच्या आत मोजून घ्या.

प्रतिसाद ३

अंतराबद्दल. तुम्ही चुकला नाहीत, फक्त लेन्स लहान पडली. तुमच्यासारख्या कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. ८५ मिमी लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे आकाशातले साडेनऊ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). व्याधाचा पराशय (सहा महिन्यांत दिसणाऱ्या सरकण्याचा निम्मा कोन) ०.३८ विकला, म्हणून सहा महिन्यांत तो पाऊण विकलाच सरकणार. पिक्सेलचा बारावा भाग. तुळजापूर आपल्यापासून साधारण ४५ किलोमीटर. तिथे कुणी दिवा सोळा-सतरा सेंटिमीटर सरकवला तर सोलापुरातून जेवढा कोन दिसेल, तेवढा हा कोन आहे.

माणसाला हे जमायला १८३८ साल उजाडलं. फ्रीडरिश बेसेल यांनी हंस समूहातला एकसष्ट क्रमांकाचा मंद तारा निवडला, तेजस्वी नाही. कारण तो दरवर्षी पाच विकलांहून जास्त सरकत होता, म्हणजे जवळचा असणार हा त्यांचा तर्क. त्यांना ०.३१ विकला पराशय मिळाला, आजचा आकडा ०.२८६ आहे, अंतर ११.४ प्रकाशवर्षं. थॉमस हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याची निरीक्षणं त्याआधीच घेतली होती, पण निष्कर्ष छापला १८३९ मध्ये. तो मित्र सोलापुरातूनही दिसतो, मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम साडेअकरा अंशांवर. पुढे हिपार्कस उपग्रह आणि मग २०१३ साली सोडलेला गाया यांनी हे काम आकाशात नेलं. गायाच्या यादीत १८० कोटींच्या आसपास तारे आहेत.

पण वडिलांनी नेमकं काक्षीचं विचारलंय, आणि तिचं अंतर आजही नीट ठरलेलं नाही. तिचा पराशय विकलेच्या सहा हजारांशांच्या आसपास, आणि तिचं बिंबच त्याच्या सात-आठपट मोठं. त्या बिंबावर उजळ-मंद डाग हलतात, त्यामुळे तिचा "मध्य" कुठे धरायचा हेच पक्कं होत नाही. गायासाठी ती फार तेजस्वी आहे. म्हणून आकडे ५०० ते ७०० प्रकाशवर्षांत फिरतात. राजन्य सुमारे ८६०. वडिलांना सांगा, पांढरी लांब आहे.

प्रतिसाद ४

मी बार्शीचा, नोकरीमुळे दिल्लीत. पराशय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर ताऱ्याऐवजी चंद्र घेऊ या. सोलापूर ते दिल्ली सरळ रेषेत सव्वाबाराशे किलोमीटर. दोघांनी एकाच मिनिटाला कृत्तिकेजवळच्या चंद्राचा फोटो काढला तर माझ्या फोटोत चंद्र तुमच्यापेक्षा सुमारे अकरा कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दक्षिणेला दिसेल, बिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. तुमच्या लेन्सला तो सत्तरेक पिक्सेलचा फरक. पट्टी लावून मोजता येईल. त्यावरून चंद्राचं अंतर तुम्ही काढायचं, मी काढायचं, मग ताडून बघू. चंद्र कोरीचा असताना सोपं जाईल. ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक चंद्रासाठी कमी वेळाचा, एक कृत्तिकेसाठी जास्त वेळाचा.

धागाकर्ती

अद्यतन. तीन रात्री फुकट गेल्या, दोनदा ढग आणि एकदा कार्ड भरलेलं. चौथ्या रात्री भाचा आणि मी नान्नजच्या पुढे गेलो. व्याध, प्रश्वा, ब्रह्महृदय, रोहिणी यांवर रेष ओढली, चारही बिंदू रेषेला धरून आले. काक्षी रोहिणीच्याही पलीकडे पडते, म्हणून रेष थोडी पुढे वाढवावी लागली. रंगांक १.७८, तापमान ३,४०० केल्विन. वीस फोटोंची सरासरी आहे, एकेकट्या फोटोत शंभर-दीडशे इकडेतिकडे होतात. राजन्याचा आकडा काढलाच नाही.

वडिलांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, बल्बच्या तारेचं किती? म्हटलं, आमच्या लॅबमधल्याचं २,८५६. "म्हणजे तारेपेक्षा थोडीच जास्त," म्हणाले, आणि घरातला जुना पिवळा बल्ब लावायला सांगितला. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. मग रोहिणीचं विचारलं. ती ६५ प्रकाशवर्षांवर आहे म्हटल्यावर बोटांवर हिशोब करून म्हणाले, तेव्हा मी बदली कामगार म्हणून मिलच्या दारात उभा राहायचो.

दिल्लीच्या दादांना: चंद्राचं नक्की. येत्या कोरीला कृत्तिका जवळ आली की संध्याकाळी साडेसात वाजता. घड्याळ आदल्या दिवशी मोबाइलवर जुळवून घेऊ. वडील म्हणतात, मिनिट मी मोजतो.