'आवर्ती', 'पुनरावृत्त' की 'पुनरुक्त'?

खानापूर : केंड माशाच्या (पफरफिश) जीनोमवर, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएवर, मराठीत टिपण करतोय. पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनएच्या 'रिपीटेटिव्ह'ला 'आवर्ती' चालेल काय? 'कॉम्पॅक्ट'ला 'संक्षिप्त' लिहिलंय.

शहापूर : 'संक्षिप्त' काढा, सर. मजकूर गाळल्यासारखं वाटतं. टेट्राओडॉन केंडाचा जीनोम सुमारे ३४ कोटी डीएनए-अक्षरांचा, माणसाचा ३१० कोटींचा, तरी जनुकं दोघांत वीस-बावीस हजारांच्या घरातच. 'आटोपशीर' म्हणा.

'आवर्ती'त ठरावीक अंतर येतं. आवर्ती ठेवीचा हप्ता बघा की. गुणसूत्रबिंदूपाशी (सेंट्रोमिअर, गुणसूत्राची आवळलेली जागा) ११८ अक्षरांचा नग लागोपाठ येतो, तिथं ते शोभेल. जीनोममध्ये जागा बदलत उड्या मारणाऱ्या तुकड्यांना (ट्रान्सपोझॉन) कसलं अंतर? साडीच्या काठाची नक्षी वेगळी, अंगावरचे बुट्टे वेगळे. दोन्हींवर छत्री 'पुनरावृत्त'. 'पुनरुक्त' नको, त्यात दोषाचा वास येतो.

निपाणी : बुट्ट्यांना 'विखुरलेले' म्हणतात खरं, पण या माशात ते बहुतेक घट्ट गुंडाळलेल्या भागातच साचलेत, जनुकांच्या दाटीत क्वचित. म्हणजे बुट्टेच काठाकडं सरकलेले! मी 'सुटे' लिहीन. आणि लागोपाठच्या नगांना म्हणतात त्या 'सॅटेलाइट'चा 'उपग्रह' करू नका. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए जोरात फिरवला की अक्षरांचं प्रमाण वेगळं असलेला भाग घनतेमुळं मुख्य पट्ट्याच्या बाजूला बसतो. नाव त्या बाजूच्या पट्ट्याचं. कोण कुणाभोवती फिरत नाही.

खानापूर : यंत्रानं वाचलेले छोटे तुकडे (वाचनं) जोडून केलेल्या जुळणीत एका तुकड्यावर ४०० पट वाचनं दिसतात, सरासरी ४०. 'कोलॅप्स'ला काय म्हणू?

शहापूर : 'घडी पडली'. दहाएक प्रती एकीवर एक बसल्यात, म्हणून लांबीही कमी भरते. १५० अक्षरांच्या वाचनात ११८चा एक नग आणि वर ३२ अक्षरं. ते कितव्या नगाचं, कसं कळणार? १०-१५ हजारांची लांब वाचनं घ्या. जनुकं शोधण्याआधी पुनरावृत्त भाग झाका (शोधातून वगळा), पण अशा तुकड्यांची यादी याच माशाच्या जुळणीतून बनवा. माणसाची यादी लावली तर माशाचे कितीतरी तुकडे उघडेच राहतात आणि उड्या मारणाऱ्यांची जनुकं माशाची म्हणून मोजली जातात.

निपाणी : उपयोग न दिसणाऱ्या डीएनएच्या 'जंक'ला 'कचरा' लिहिलं असेल तर तेही बदला. १९९३ साली फुगू केंडाचा जीनोम अभ्यासाला घ्यावा असं मांडणाऱ्या जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनीच हा भेद केलाय : कचरा टाकतात, जंक ठेवून देतात. आपल्याकडं माळ्यावर असते ती अडगळ.

खानापूर : मग 'अडगळीतला डीएनए'?

निपाणी : नको, तो अडगळीत पडलेला वाटेल. नुसतं 'अडगळ-डीएनए'.