'कोडेक्स'ला 'संहिता' म्हणावे काय? : एका ग्रीक हस्तलिखिताच्या निमित्ताने

प्रश्न : नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) ग्रीक हस्तलिखितांविषयीच्या एका लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत आहे. त्यात 'कोडेक्स १४२४' या हस्तलिखिताचे सविस्तर वर्णन आहे. 'कोडेक्स'साठी मला 'संहिता', 'पोथी' आणि 'हस्तलिखित' असे तीन पर्याय सुचतात. त्यांपैकी कोणता घ्यावा? पानाच्या कडेच्या नोंदी, मजकुराभोवतीचे विवेचन आणि अक्षराचा प्रकार यांसाठीही नेमके शब्द हवे आहेत.

उत्तर : आपण तीन पर्याय दिले आहेत, त्यांतील 'संहिता' प्रथम बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झाडाचे खोड किंवा लाकडाचा ठोकळा. मेण लावलेल्या लाकडी पाट्या एकत्र बांधून त्यांवर लिहिण्याची रोमन लोकांची पद्धत होती आणि त्या जुडग्याला हे नाव मिळाले. पुढे चर्मपत्राची पाने दुमडून, शिवून, फळ्यांमध्ये बांधलेल्या ग्रंथालाही तेच नाव लागले. म्हणजे हा शब्द वस्तूच्या बांधणीचा आहे, तिच्यातील मजकुराचा नाही. गुंडाळी नव्हे, सुटी पाने नव्हेत, तर शिवलेला ग्रंथ, एवढेच तो सांगतो. कायद्यांचे संग्रह अशाच ग्रंथांतून लिहिले गेल्यामुळे त्याच शब्दाला कायद्याचा अर्थ चिकटला, आणि आपण 'दंडसंहिता', 'आचारसंहिता' हे शब्द घडविले ते त्या दुसऱ्या अर्थासाठी. 'संहिता' या संस्कृत शब्दात एकत्र ठेवण्याची कल्पना आहे खरी, परंतु जे एकत्र ठेवायचे ते शब्द आहेत, पाने नव्हेत. शिवाय आज नाटकाची संहिता किंवा कवितेची संहिता म्हटले की मराठी वाचक मजकूरच समजतो. अशा वेळी 'या संहितेतील संहिता इतर संहितांहून वेगळी आहे' असे वाक्य लिहिण्याची पाळी आली, तर पाठचिकित्सेवरचा, म्हणजे निरनिराळ्या प्रतींतील मजकूर ताडून पाहण्याच्या शास्त्रावरचा, लेख पहिल्याच परिच्छेदात कोसळेल.

'पोथी' हा शब्द मला मनापासून आवडतो, आणि धर्मग्रंथाविषयी बोलताना त्यात जो आदर आपोआप येतो तोही येथे अनुचित ठरला नसता. परंतु पोथी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती लांबट, आडवी, सुटी पाने. आमच्या घरी पांडवप्रतापाची हस्तलिखित पोथी होती. लाल रुमालाची गाठ सोडायची, वरची फळी उचलायची आणि वाचून झालेले पान उलटून डावीकडे पालथे ठेवायचे, हा तिचा विधीच होता. एखादे पान गहाळ झाले तरी ते लगेच ध्यानात येत नसे. शिवलेल्या ग्रंथाचे तसे नसते. त्याचे पान फाटले तरी बुंध्याशी त्याचा तुकडा राहतो, आणि अभ्यासकाला तेवढ्यावरून बरेच काही सांगता येते.

आपल्याकडे शिवलेल्या हस्तलिखितासाठी जुना शब्द आहे तो 'बाड'. रामदासी मठांतील बाडांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अडचण एवढीच की बाडात बहुधा अनेक प्रकारची प्रकरणे एकत्र उतरविलेली असतात आणि आज 'कागदांचे बाड' म्हणताना त्यात अव्यवस्थितपणाची छटा येते. म्हणून माझी सूचना अशी की विशेषनामात 'कोडेक्स १४२४' तसेच राहू द्यावे, वर्णनात सामान्यपणे 'हस्तलिखित' म्हणावे, आणि बांधणीचा मुद्दा असेल तेथे 'शिवीव ग्रंथ' किंवा 'बांधीव हस्तलिखित' असे लिहावे.

आता या हस्तलिखिताचेच थोडे पाहू, कारण शब्दांची निवड वस्तूवरूनच ठरली पाहिजे. हे नवव्या किंवा दहाव्या शतकातील असून साबास नावाच्या ख्रिस्ती भिक्षूच्या हातचे आहे. चर्मपत्राच्या ३३७ पत्रांत संपूर्ण नवा करार सामावलेला आहे. येथे मी मुद्दाम 'पत्रे' म्हटले, 'पाने' किंवा 'पृष्ठे' म्हटले नाही. पत्र म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक. त्यामुळे ३३७ पत्रांची पृष्ठे ६७४ होतात. भाषांतरात हा घोटाळा फार वेळा होतो. आपल्या पोथ्यांवर आकडा प्रत्येक पत्राला एकच असतो, प्रत्येक पृष्ठाला नसतो, हे लक्षात ठेवले तर चूक होणार नाही.

पुस्तकांचा क्रमही नेहमीचा नाही. शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे वृत्तांत), प्रेषितांची कृत्ये आणि सर्वसामान्य पत्रे (येथे पत्र म्हणजे लिहून पाठविलेले पत्र) यांच्यानंतर प्रकटीकरण येते आणि पौलाची पत्रे सर्वांत शेवटी आहेत. छापील पवित्र शास्त्रात प्रकटीकरण अखेरीस पाहण्याची सवय असलेल्या वाचकासाठी एवढे एक वाक्य तरी लेखात घालावे.

अक्षराच्या प्रकाराविषयी आपण विचारले आहे. १४२४ हा आकडाच त्याचे उत्तर देतो. नव्या कराराच्या हस्तलिखितांचे अभ्यासक कास्पार रेने ग्रेगरी यांनी १९०८ मध्ये जी क्रमांकपद्धती रूढ केली तिच्यात सुट्या, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या हस्तलिखितांच्या क्रमांकाआधी शून्य असते आणि जोडून लिहिलेल्या लहान अक्षरांतील हस्तलिखितांना नुसता आकडा असतो. ही दुसरी लिपी दैनंदिन व्यवहारातील भरभर लिहिण्याच्या वळणातून घडली आणि नवव्या शतकात ग्रंथलेखनात रूढ झाली. या वळणातील, तारीख नोंदविलेला सर्वांत जुना ज्ञात शुभवर्तमानग्रंथ इ. स. ८३५ मधील आहे. मराठी वाचकाला बाळबोध आणि मोडी यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि समजावून सांगण्यासाठी ती तुलना वापरण्यास हरकत नाही. मात्र धर्मग्रंथ लिहिताना आपण बहुधा बाळबोधीलाच धरून राहिलो, ग्रीकांनी मात्र धावत्या वळणालाच ग्रंथलिपीचा मान दिला, हा फरक सांगितलाच पाहिजे. म्हणून 'मोडी वळण' असे भाषांतर करू नये, 'जोडाक्षरी'ही नको, कारण मराठीत त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो. 'धावती लिपी' हा शब्द मला पुरेसा वाटतो.

अक्षरांबाबत आणखी एक सूचना. ग्रीक धर्मग्रंथांत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त अशा शब्दांची सहसा पहिली आणि शेवटची अक्षरेच लिहून त्यांवर आडवी रेघ ओढण्याची प्रथा आहे. छायाचित्र पाहताना आपल्या डोळ्यांना ती रेघ शिरोरेघेसारखी दिसते. ती शिरोरेघ नव्हे. ती पवित्र नामाची खूण आहे. 'पवित्र नामसंक्षेप' असे तिचे वर्णन करावे.

या हस्तलिखिताचे खरे वैभव मात्र समासात आहे, आणि 'समास' हा आपला शब्द येथे इतका चपखल बसतो की दुसरा शोधण्याची गरजच नाही. शाळेतल्या वहीत समास सोडणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. प्रकटीकरणाखेरीज सर्व पुस्तकांना येथे समासात विवेचन आहे. त्याला 'टीका' म्हणता आले असते. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच आहे. परंतु आजच्या वाचकाला 'बायबलवरील टीका' म्हणजे दोषदिग्दर्शन वाटेल, म्हणून 'भाष्य' घ्यावे. मूळ मजकूर मध्ये आणि भाष्य त्याच्या चारही अंगांनी, अशा मांडणीला आपल्या हस्तलिखितशास्त्रात 'पंचपाठी' म्हणतात, हेही जाता जाता सांगता येईल.

भाष्याहून वेगळ्या अशा काही छोट्या नोंदी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या समासात आहेत. त्यांचे रूप ठरलेले असते : 'यहुदी प्रतीत येथे असे आहे', आणि पुढे तो वेगळा पाठ. ग्रीकमध्ये या यहुदी प्रतीला 'तो इउदाइकॉन' म्हटले आहे. अशा ज्ञात तेरा नोंदींपैकी दहा या एका हस्तलिखितात आढळतात. मत्तय १६:१७ येथे येशू पेत्राला 'शिमोन बार्योना' म्हणतो. समासातली नोंद सांगते की यहुदी प्रतीत 'योहानाचा पुत्र' असे आहे. 'बार' म्हणजे अरामी भाषेत पुत्र. त्याहून आपल्या कानाला ओळखीचा शब्द मत्तय १५:५ येथे भेटतो. मुख्य मजकुरात 'दोरॉन', म्हणजे देणगी, हा साधा ग्रीक शब्द आहे, आणि समासात यहुदी प्रतीचा म्हणून 'कोर्बान' हा सेमिटिक शब्द नोंदविला आहे. जवळ नेणे, अर्पण करणे या अर्थाच्या ज्या धातूचा हा शब्द आहे, त्याच धातूचा अरबी 'कुर्बान' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'जीव कुर्बान करणे' या प्रयोगात स्थिरावला. आपल्या भाषांतरात या ठिकाणी 'कोर्बान' ठेवून पुढे एक ओळ लिहिली तर वाचकाला तो शब्द परका वाटणार नाही.

अशा नोंदींना नुसते 'टिपा' म्हणणे मला अपुरे वाटते. टीप अर्थ सांगते. ही नोंद दुसऱ्या प्रतीत काय लिहिले आहे ते सांगते. म्हणून 'समासातील पाठनोंद' असा शब्द मी सुचवितो.

पुरवणी प्रश्न : उत्तराबद्दल आभार. योहान ७:५३ ते ८:११ हा व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग या हस्तलिखितात समासात आहे, असे लेखात म्हटले आहे. त्याला 'क्षेपक' म्हणावे का? आणि 'खोडलेला मजकूर' यासाठी 'हरताळ लावलेला' हा प्रयोग चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. हरताळ ही पिवळी भुकटी. कागदी पोथीतील चुकीच्या अक्षरावर तिचा लेप देत आणि वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. चर्मपत्रावरील शाई मात्र चाकूने खरवडून काढीत. तेव्हा 'खरवडलेला मजकूर' म्हणावे. आपल्या वाक्प्रचाराच्या मोहाने चर्मपत्रावर हरताळ चढवू नये.

'क्षेपक' हा शब्द मात्र जपून वापरावा. त्यात निर्णय आहे : मागाहून कोणी तरी घुसडलेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी प्रतिशुद्ध केली, तेव्हापासून आपल्याला ही दृष्टी परिचित आहे. या प्रसंगापुरते पाहिले तर व्हॅटिकनमधील आणि सिनाई येथे सापडलेल्या चौथ्या शतकातील ग्रंथांत तो नाही, आणि नंतरच्या काही हस्तलिखितांत तो योहानाच्या शेवटी, तर काहींत लूकच्या शुभवर्तमानात आढळतो; त्यामुळे तो मुळात तेथे नसावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तरीही १४२४चे वर्णन करताना आपण त्या निर्णयाचे लेखक नसतो. मुख्य मजकुरात तो नाही आणि समासात तो आहे, एवढेच हस्तलिखित सांगते. म्हणून वर्णनात 'समासात लिहिलेला' म्हणावे, आणि 'क्षेपक' हा शब्द चर्चेच्या भागासाठी राखून ठेवावा.

आपण विचारलेले नाही, परंतु लेखाच्या शेवटच्या भागातील एका क्रियापदाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हे हस्तलिखित उत्तर ग्रीसमधील पांगेओन पर्वतावरच्या कोसिनित्सा मठात होते. २७ मार्च १९१७ रोजी बल्गेरियन सशस्त्र टोळीने तो मठ लुटला आणि चारशेहून अधिक हस्तलिखिते नेली. ज्या ग्रेगरींनी हे क्रमांक रूढ केले, ते वयाची पासष्टी उलटल्यावर जर्मन सैन्यात स्वेच्छेने दाखल झाले होते आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील आघाडीवर मृत्यू पावले. हे दोन प्रसंग काही दिवसांच्या अंतराने घडले, हे वाचताना मन विषण्ण होते. पुढे १९२० मध्ये शिकागोजवळच्या लुथरन धर्मविद्यालयाचे नंतरचे अध्यक्ष फ्रँकलिन ग्रूबर यांनी युरोपातील एका ग्रंथविक्रेत्याकडून ते विकत घेतले, आणि त्यांच्यानंतर ते त्या संस्थेकडे राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये संस्थेने ते ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाच्या स्वाधीन केले.

येथे 'भेट दिले', 'अर्पण केले' किंवा 'दान केले' असे भाषांतर करू नये. खरेदी करणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे मोजले असले तरी वस्तू लुटीची होती, आणि ज्याची वस्तू त्याला देणे यासाठी मराठीत एकच सरळ शब्द आहे : 'परत केले'.