घरातलंच गुपित असलेला हॉरर पिक्चर करालोय, भूत दाखवायचं का नको?

वखारवाला_निपाणी

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीची पाच पोरं मिळून एक पिक्चर करालोय, हॉरर, साधारण दीड तासाचा. पैसे सगळ्यांचे मिळून अडीच लाख. कॅमेरा मित्राचा हाय, तो लग्नाची शूटिंग करतो, म्हणजे आषाढी एकादशी झाली, लग्नं थांबली की मग दोन महिने कॅमेरा आमचा. जागा फुकट, आमचीच जुनी तंबाखूची वखार, वीसेक वर्षं बंदच हाय खरं आत गेलं की अजून खाट येतो नाकात.

गोष्ट थोडक्यात सांगतो. तंबाखूच्या व्यापाऱ्याचं मोठं घर, आजोबा वारतात. दहाव्याला वेदगंगेच्या काठावर सगळे जमलेत, पिंड ठेवलाय, कावळा काय शिवत न्हाई. एकेक जण पुढं येऊन कबूल करतोय, धाकट्याचं लग्न करून देतो, वखार पाडत न्हाई, म्हशी विकत न्हाई, कावळा आपला फांदीवर बसून बघतोय. शेवटी दर्भाचा कावळा करा म्हणून भटजी उठतात तेवढ्यात मागं बसलेली थोरली आत्या हळूच म्हणते, धाकट्या वैनीचं नाव घ्या. कोण धाकटी वैनी ते घरातल्या एकाही पोराला ठाऊक न्हाई. म्हातारे सगळे खाली मान घालतात. नाव घेतात आणि कावळा शिवतो.

तर ती आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ तरणाच गेला, तिच्या नावावर साडेतीन एकर आली, कागदावर अंगठा घेतला आणि रांडाव पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला न्हेली ती गर्दीत चुकली, परत आलीच न्हाई असं गावाला सांगितलं. खरं ती वखारीच्या बाहेर कधी गेलेलीच नसते.

आता प्रश्न. तिचं भूत दाखवायचं का नको? आमच्यात दोन गट पडलेत. दुसरं, एवढ्या पैशात रात्रीचं शूटिंग कसं करायचं, लाइटचं भाडं परवडणार न्हाई. आणि एक गोष्ट जरा वेगळीच झाली. स्क्रिप्ट आजीला वाचून दाखवालो होतो, सौंदत्तीचं आलं तसं तिनं विचारलं, "ही गोष्ट कुणी सांगितली तुला?" मी म्हटलं मीच रचली. ती उठून देवघरात गेली आणि आठ दिवस झाले माझ्याशी नीट बोलत न्हाई. पिक्चर करू का थांबवू तेच समजंना.

कौलारू_खानापूर

रात्रीचं आधी सांगतो. वखार आहे ना, मग रात्री शूट करायची गरजच नाही. खिडक्यांना, झरोक्यांना बाहेरनं काळी ताडपत्री बांधा, कौलातनं कुठं उजेड येतोय ते दुपारी बाराला आत उभं राहून बघा, तेवढं बुजवा, झाली रात्र. दिवसा जेवून खाऊन काम होतं, माणसं थकत नाहीत. फ्रेममध्ये एकच उजेड ठेवा, कंदील नाहीतर चाळीसचा पिवळा बल्ब, आणि माणूस त्याच्या जवळ आणा. बऱ्याच जणांची चूक काय होते, अंधार आहे म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड ओढायची ताकद, चढवत जातात, मग सगळ्या चित्रात मुंग्या फिरल्यासारखं दिसतंय आणि ते नंतर पुरतं जात नाही. अंधार आहे तर अंधारच राहू दे, हॉरर पिक्चरला त्याची काय लाज.

खरं तुमची खरी अडचण आवाजाची आहे आणि त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही! आषाढीनंतर म्हणजे भर पावसात शूट करणार, वर कौलं नाहीतर पत्रा. मी नाटकाच्या साऊंडला बरीच वर्षं बसतोय, आमच्या खानापुरात पाऊस लागला की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. म्हणून डायलॉगचे सीन उघडीप बघून घ्या, बिनबोलाचे सीन पावसाला ठेवा. घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या आणा आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतींवर टांगा, वखार रिकामी असली की आवाज घुमतो, तो घुमलेला आवाज मागनं नीट काढता येत नाही. माईक माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. शेजारचा फ्रिज बंद करायला लावला तर गाडीची चावी त्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना चालू करायचा विसरणार नाही. आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, एडिटिंगला बसलात की दोन वाक्यांच्या मधे तीच भरावी लागते.

भुताचं मला विचाराल तर दाखवू नका, ऐकवा. बंद वखारीत पोतं ओढल्याचा आवाज, बस.

चिकोडीचा_तात्या

मी या पोरांच्या आजोबांच्या वयाचा आहे म्हणून जरा स्पष्ट लिहितो. भूत दाखवा. आम्ही जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पिक्चर बघितलेत, पुढं बायका, मागं पडद्याला धरून पोरं, आणि भूत आलं की तंबू हलायचा. दीड तास बसवून शेवटी नुसतं दार वाजवलं तर माणूस फसवल्यासारखा उठतो. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' केला, सात भाऊ, सगळी कामं घरातल्या घरात वाटून घेतलेली, महाबळेश्वरला गेस्टहाऊसात राहायचं आणि तिथंच शूट करायचं. कमी पैशात केलं, पण भूत दाखवलं. एकदाच दाखवा, थोडा वेळ दाखवा, पण दाखवा.

दुसरं म्हणजे सौंदत्तीचं जपून लिहा. आमच्या भागातली निम्मी घरं यल्लम्माला जातात, माझी आई बैलगाडीनं जायची. दोष घरातल्या माणसांचा आहे, देवीचा नाही, तो पिक्चरमध्ये देवीवर जाता कामा नये. जोगतिणी दाखवणार असाल तर त्यांना चेटकिणी करू नका. मुली देवाला सोडायच्या प्रथेनं त्यांचं आधीच काय झालंय ते आम्ही बघितलंय, १९८२ साली कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा आला तो उगाच आला नाही.

आणि कावळा पकडून पायाला दोरी बांधून शूट करू नका. पाप तर आहेच, शिवाय सेन्सॉरच्या सर्टिफिकेटला गेलात की प्राण्यापक्ष्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाचं पत्र मागतात. त्यात काय काय लागतं ते आधीच विचारून घ्या.

शहापूरची_बाई

तात्या, तुमचं सौंदत्तीचं अगदी पटलं, भुताचं पटलं नाही.

पांढरी साडी, मोकळे केस, अन्याय झालेली बाई मेल्यावर भूत होऊन येते आणि आपण तिलाच घाबरायचं. का म्हणून? तिची जमीन गेली, नवरा गेला, जीव गेला, आणि दीड तास पडद्यावर भीती कुणाची, तर तिचीच! ज्यांनी अंगठा घेतला ते मेल्यावर फोटोत हार घालून बसलेत, भीती त्यांची वाटली पाहिजे. 'लपाछपी' २०१७ ला आला तेव्हा मी थिएटरला जाऊन बघितला, उसाच्या मधोमध एक घर आणि घरातल्या माणसांनी मुलींचं काय केलं ते त्यात आहे. बघून आल्यावर गावी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या उसाकडं मला बघवत नव्हतं, आपल्याकडं तर कुठंही गेलं तरी ऊसच. मला त्यातल्या भुतांपेक्षा जास्त लक्षात राहिली ती गोड बोलणारी, ताटात वाढणारी बाई.

तुमचा पिक्चर कावळ्याच्या सीनमध्येच झालाय, दादा. त्या सीनला सात-आठ मिनिटं द्या. कबूल करणारा प्रत्येक जण खरं तर स्वतःच्या मनात काय आहे ते सांगतोय, म्हशी विकत नाही म्हणणाऱ्याला म्हशी विकायच्याच असणार. आणि ती आत्या, ती मला फार खरी वाटली. तिला सगळं ठाऊक आहे, इतकी वर्षं त्याच घरात जेवलीय, सणाला साड्या घेतल्यात. गुपित एकट्याचं कधी नसतं. माझ्या माहेरी एक ग्रुप फोटो आहे, त्यात एक चेहरा ब्लेडनं खरवडलेला. आम्ही लहानपणी विचारायचो, आई म्हणायची वाळवी लागली. वाळवी काय बरोबर एकाच माणसाचा चेहरा खाते का? मी आता पन्नाशीची झाले, अजून मला कुणी सांगितलेलं नाही आणि जे सांगू शकत होते ते सगळे गेले.

म्हणून म्हणते, पिक्चर राहू दे बाजूला, आधी आजीजवळ जाऊन बसा. कॅमेरा नको, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर मुळीच नको. काही विचारू पण नका, शेंगा सोलत बसा तिच्याबरोबर.

भाषेचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, घरात बोलता तसंच ठेवा. मधेच कानडी आलं तर येऊ दे, म्हातारी माणसं पोरांना कळू नये म्हणून कानडीत बोलायची ते आपल्याकडं कितीतरी घरांत होतं. तुमच्या गुपिताला ते आयतंच मिळालंय.

कौलारू_खानापूर

कानडीचं लय भारी सांगितलात बाई. ते वाक्य दाराआडनं रेकॉर्ड करा, अर्धं ऐकू येईल असं.

कावळ्याचं पण सांगतो, जिथं शूट करणार तिथंच रोज सकाळी त्याच वेळेला शेव-चपाती ठेवायला आतापासून सुरू करा. पंधरा-वीस दिवसांत येतात. कॅमेऱ्याचा स्टँड पण रोज तिथं उभा करा, म्हणजे बुजणार नाहीत.

वखारवाला_निपाणी

मंडळी, उशिरा लिहालोय, माफ करा. बाईंनी सांगितल्यासारखं केलो. तीन दिवस आजीजवळ नुसता बसलो, चौथ्या दिवशी ती आपणहून बोलली. नावं, गावं इथं लिहीत न्हाई. तिच्या माहेरची गोष्ट हाय, आमच्या वखारीची न्हवं. तिच्या चुलतीला असंच जत्रेला म्हणून न्हेली आणि सोडून आले. जत्रेत चुकली म्हणून सांगितलं, मग पुढं वारली म्हणून सांगितलं. आणि लग्नानंतर किती वर्षांनी आजीला ती चिकोडीच्या बाजारात दिसली, मिरच्या विकत बसलेली. दोघींनी एकमेकींना ओळखलं. आजीच्या बरोबर सासू होती. आजी काय बोलली न्हाई, मिरच्या पण घेतल्या न्हाई, पुढं गेली. हे सांगून आजी म्हणाली, "तिनं पदर पुढं वढून घेतला रे, मला अवघड हूनये म्हणून."

मी काय बोलणार. तिला म्हटलं पिक्चर करत न्हाई. तर म्हणाली कर, नाव तेवढं घालू नको.

तर शेवट बदलला. धाकटी वैनी मरतच न्हाई. पिक्चरभर सगळे वखारीला घाबरतात, पोरं शेवटी कुलूप तोडतात, आत काहीच न्हाई, पोती आणि तिची ट्रंक. आणि मग आत्या बाजारातनं चाललीय आणि मिरच्यांच्या ढिगामागं एक म्हातारी बसलीय. तात्या, तुमचं पण राहिलं, एकदाच दिसते आणि स्पष्ट दिसते. तिचं काम आजी करते का म्हणून विचारणार होतो खरं धाडस झालं न्हाई, आत्याच्या कामाला मात्र तिनं स्वतःच हो म्हटलंय.

आता एकच पाहिजे. कुलूप तोडायच्या सीनला जुनी ग्यासबत्ती पाहिजे, चालू असलेली, तिचा सूं आवाज पण घ्यायचाय. बेळगाव, निपाणी, चिकोडी कुठंही असली तर सांगा, येऊन न्हेतो.

चिकोडीचा_तात्या

आमच्या माळ्यावर आहे. पंप ठीक आहे, जाळी नवीन घालावी लागेल. आणि पोरा, बाजाराचा सीन आठवडी बाजाराच्या दिवशी घेऊ नका, गर्दीत आजीला उभं राहायला जागा मिळायची नाही.