आई बाळाकडे बघतच नाही, तेव्हा आपण काय करायचं?

जीएनएम_तिसरं_वर्ष:
नर्सिंगच्या डिप्लोमाला आहे, सध्या लेबर रूमला पोस्टिंग आहे. परवा रात्री वीस वर्षांची मुलगी आली. लग्न झालेलं नाही, सोबत फक्त आई. मुलगी झाली, २ किलो ६००. सवयीने मी बाळ तिच्या छातीवर ठेवायला गेले तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं, बघ तरी.” ते अजून टोचतंय. सकाळी तिच्या आईने विचारलं, “सिस्टर, एखादं चांगलं घर असेल तर सांगा ना.” वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, ओळखीचं जोडपं आहे, दहा वर्षं मूल नाही, कागदावर त्यांचंच नाव घालू. मी गप्प बसले. दत्तक, प्रतिपालन, सरोगसी हे सगळं आम्हाला एका तासात शिकवलं होतं. आता काय करू?

निवृत्त_सिस्टर:
बाळा, आधी केसपेपर. जिने जन्म दिला तिचंच नाव. मावशींच्या मनात दया असेल, पण खोटी नोंद हा गुन्हा आहे. त्यात पैसे फिरले तर बालन्याय कायद्यात दवाखान्यातल्या माणसाला ३ ते ७ वर्षं शिक्षा आहे. आजच इन्चार्ज सिस्टरांना सांग.

मग त्या मुलीशी बोल, तिची आई खोलीत नसताना. बघायचंय का, घ्यायचंय का, पाजायचंय का, एवढंच विचार. “नको” म्हणाली तर ठीक. उद्या पुन्हा विचार. आणि तिसऱ्या दिवशी पान्हा फुटेल हे आत्ताच सांगून ठेव. आमच्याकडे एकीला कुणी सांगितलंच नव्हतं. ओढणी भिजली तशी ती घाबरून रडायला लागली. वर आम्ही तिला बाळंतिणींच्या रांगेतच खाट दिली होती, सगळ्यांच्या कुशीत बाळ. ती चूक आमचीच.

बालसंरक्षण_कार्यकर्ती:
बाळ द्यायचंच असेल तर ते बालकल्याण समितीपुढे समर्पित करायचं. तिथे समुपदेशन होतं, आणि सही केल्यावरही आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. हे तिला नक्की सांगा, बऱ्याच जणींना वाटतं की सही केली म्हणजे संपलं. त्यानंतरच बाळ दत्तकासाठी मोकळं होतं. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मावशींच्या जोडप्याला ‘कारा’च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करायला सांगा. समितीचा नंबर नसेल तर १०९८.

बाळ हवंय पण पैशाची भीती आहे, असं असेल तर बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळतात. एकल पालकाच्या मुलालाही. प्रतिपालन वेगळं: मूल काही काळ दुसऱ्या घरी राहतं, दत्तक जात नाही. मुलगी अठराच्या आतली असती तर पोलिसांना कळवणं बंधनकारक होतं, म्हणून वय कागदावर तपासा.

जीएनएम_तिसरं_वर्ष:
मग सरोगसीत, म्हणजे बाई दुसऱ्या जोडप्यासाठी बाळ पोटात वाढवते तिथे, त्या जोडप्याचं नाव कसं लागतं?

निवृत्त_सिस्टर:
तिथे पालकत्वाचा आदेश दंडाधिकाऱ्यांकडून आधीच घेतलेला असतो. २०२१ च्या कायद्याने मोबदला बंद झाला. दवाखान्याचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच. पण बाळ त्या जोडप्याच्या हातात दिलं की सगळे त्याच्याभोवती जमतात आणि टाके, रक्तस्राव, पान्हा असलेली बाई एकटी पडते. ती आपली पेशंट आहे.

दत्तक_आई:
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या फाइलमध्ये कुण्या सिस्टरने लिहिलंय: जन्म पहाटे ४.१०, आईने एकदा कुशीत घेतलं. ती ओळ तिने माझ्याकडून कितीदा वाचून घेतली असेल! तुम्ही जे पाहाल ते लिहून ठेवा. आणि आम्हाला “खरी आई कोण?” असं विचारू नका.

जीएनएम_तिसरं_वर्ष:
इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं. दुपारी तिची आई डबा आणायला गेली तेव्हा तिच्याशी बोलले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “केस आहेत का तिला?” म्हटलं, खूप. म्हणाली, “दाखवा.” उद्या अकराला बालसंरक्षण कक्षाच्या ताई येणार आहेत. बाळ सध्या तिच्याजवळ आहे.