पहिल्या वर्षीचा लेखनाचा तास: तुमचं वाक्य आधी कसं होतं, नंतर कसं झालं?

कर्वेरोडची
भाची पुण्यात एफ.वाय.ला आहे. मराठी लेखनकौशल्याच्या पेपरला सत्र संपताना एक काम दिलंय. सत्रभर लिहिलेलं सगळं खाडाखोडीसकट फाईलला लावायचं आणि सोबत दोन पानं स्वतःबद्दल लिहायची: 'लिहिणारी म्हणून मी कुठे होते, कुठवर आले'. बाईसाहेबांचं पहिलं वाक्य, 'या अभ्यासक्रमामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला.' सर्वांगीण! दोन क्रेडिटमध्ये!

तिला दाखवायला म्हणून हा धागा. 'सरांनी प्रेरणा दिली' छाप काही नको. आधीचं वाक्य टाका, नंतरचं टाका, मधे काय झालं ते सांगा. आठवत नसेल तर माळ्यावरची फाईल काढा. कुठल्याही भाषेचा तास चालेल.

शनिवारातला
माझं कॉलेज टिळक रोडवरचं, ऐंशीच्या दशकातलं. शाळेतून आम्ही निबंधाचा ठरलेला साचा घेऊन आलो होतो: सुरुवातीला सुभाषित, मधे निसर्ग, शेवटी 'म्हणूनच म्हटले आहे'. विषय मिळाला 'पूर'. मी लिहिलं:

'निसर्ग हा जसा दाता आहे तसाच तो संहारकर्ताही आहे, याचा प्रत्यय पुणेकरांना १२ जुलै १९६१ रोजी आला.'

सरांनी खाली एवढंच लिहिलं, 'तुमच्या वाड्यात पाणी कुठपर्यंत होतं?'

मला काय माहीत, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. घरी येऊन आजीला विचारलं. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, हे सगळं पुस्तकात होतं. आजी त्यातलं काहीच बोलली नाही. ती बोलली कोठीच्या खोलीबद्दल. चिखल उपसायचा म्हणून सगळे पुढच्या खोल्यांना लागले होते, कोठीकडे कुणी फिरकलंच नाही. दुसऱ्या खेपेला मी एवढंच लिहिलं:

'पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवसांनी कोठी उघडली. गव्हाला मोड आले होते. आजी म्हणते, त्यादिवशी ती पहिल्यांदा रडली.'

रौद्र रूप वगैरे सगळं गेलं. गुण मात्र पहिल्या निबंधाइतकेच मिळाले, हेही नोंदवून ठेवतो.

लातूरकर
२०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आमचं लातूर. त्याच जूनमध्ये मी पुण्यात बी.ए.ला आलो. आठवणीवर लिहा म्हणल्यावर दुसरा विषय सुचणार तरी कसा? 'पाण्याच्या भीषण टंचाईमुळे जनजीवन विस्कळीत झाले होते.'

आमच्या मॅडम जोड्या लावायच्या. तुमचं लिखाण जोडीदाराने मोठ्याने वाचायचं, तुम्ही गप्प बसून ऐकायचं. माझा जोडीदार कोथरूडचा. वाचून झाल्यावर त्यानं सरळ विचारलं, 'हे तुझ्या घरी झालं का पेपरात आलं होतं?' लई राग आला. पण ऐकताना मलाही आकाशवाणी लागल्यासारखंच वाटलं होतं.

मग घरातलं लिहिलं, तर तिथं दुसरीच अडचण. 'आई म्हणाली, तू अजून झोपला का नाहीस?' असं आमच्या घरात कुणी जन्मात बोललेलं नाही. बारावीपर्यंत 'म्हणली' लिहिलं की लाल गोल पडायचा, त्यामुळे हात आपोआप 'म्हणाली'कडे वळायचा. शेवटी हे झालं:

'माय म्हणली, "झोप की रे. टँकर आला की उठवते." पण तीच जागी होती, घागरी दाराशी लावून.'

मॅडमचा नियम असा: आधी प्रमाणभाषेत लिहून दाखव, मग जिथं माय बोलते तिथं तिला तिच्यासारखं बोलू दे. नियम उपयोगी पडला हे खरं. पण 'आधी दाखव' मलाच का? कोथरूडच्या पोराला कुणी म्हणत नाही, की आधी लातूरचं लिहून दाखव.

आजोबांची नात
लातूरकर, लाल गोलावरून सांगते. आमच्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'कां', 'घरांत' असंच असायचं, आणि ते त्या काळी शुद्धच होतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली लागू झाले, १९७२ला त्यात चारांची भर पडली. तीच पत्रं आज पेपरात लिहिली तर पान रक्तबंबाळ होईल. मी नियम पाळते, पाळावेतच. पण माझ्या कॉलेजच्या वहीत वर्षभर फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं गेलं, मी काय म्हणते आहे त्याला कुणी हात लावला नाही. म्हणून माझ्याकडे द्यायला 'नंतरचं' वाक्य नाही.

सोसायटी सेक्रेटरी, सिंहगड रोड
पूर झाला, दुष्काळ झाला, आता नळ. आम्हाला व्यावहारिक मराठीचा पेपर होता. अर्ज, सूचना, इतिवृत्त. वर्गात सगळ्यात कंटाळवाणा तो आणि आयुष्यभर कामी आला तोही तोच. आधीच्या सेक्रेटरींनी लावलेली सूचना:

'सर्व सभासदांना याद्वारे कळविण्यात येते की, महानगरपालिकेमार्फत करण्यात येणाऱ्या देखभाल दुरुस्तीच्या कामास्तव पाणीपुरवठा बंद राहणार असून याची कृपया नोंद घेण्यात यावी.'

नोंद कुणीच घेतली नाही, गुरुवारी सकाळी सगळे त्यांच्या दारात. माझी सूचना: 'गुरुवारी दिवसभर पाणी नाही. शुक्रवारी सकाळी कमी दाबाने येईल. बुधवारी रात्री भरून ठेवा.' आमच्या सरांनी शिकवलं होतं, सूचना लिहिण्याआधी ती कोण वाचणार आणि वाचून काय करणार हे वर पेन्सिलीने लिहायचं. लोक पुणेरी पाट्यांना हसतात, पण पाटी लिहिणाऱ्याला हे दोन्ही पक्कं माहीत असतं.

खडूफळा
मी शिकवते, म्हणून पलीकडच्या बाजूने. कर्वेरोडची, तुमच्या भाचीचं ते वाक्य मी दर सत्रात वाचते. 'आत्मविश्वास वाढला', 'शब्दसंपत्तीत भर पडली', 'विचारांना दिशा मिळाली'. सत्तर-ऐंशी मुलं, आणि सत्रभर कधी नव्हे इतकं खोटं मुलं या शेवटच्या दोन पानांत लिहितात. त्यात त्यांचा दोष नाही. स्वतःबद्दल लिही आणि मी गुण देते, असं म्हटल्यावर कोण खरं लिहील?

आता मी प्रश्नच बदललाय. स्वतःबद्दल लिहू नका, स्वतःच्या एका परिच्छेदाबद्दल लिहा. पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवा. काय काढलं? का काढलं? कुणाच्या सांगण्यावरून? काढून पस्तावलात का? गेल्या खेपेला एका मुलीने लिहिलं की तिने आजारी वडिलांवरच्या लेखातून 'देवदूतासारखे डॉक्टर' काढलं, कारण मैत्रिणीने विचारलं, 'बिल किती झालं होतं?' मग बिल आलं, मग गहाण टाकलेल्या पाटल्या आल्या, आणि डॉक्टर नुसतेच डॉक्टर राहिले. तिची दोन पानं फक्त या एका शब्दावर होती. मला सांगायला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

चॅटजीपीटी आल्यापासून खर्डे हाताने, वर्गातच लिहून घेते. पोलीसगिरी म्हणून नाही. यंत्राने दिलेल्या लेखाला पहिला खर्डा नसतो, मग शेजारी ठेवणार काय? मुलं कुरकुरतात. अक्षर वाईट असतं, मलाही डोळे फोडावे लागतात.

आणि हो, सगळ्यांचं लिखाण सुधारत नाही. एका सत्रात तर मुळीच नाही. काहींचं आधी बिघडतं: शाळेचा साचा सुटतो आणि हाताला दुसरं काही लागत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत गुण कमी पडतात आणि मुलं परत सुभाषिताकडे पळतात.

विंगेतला
मी तासाला बसायचोच नाही. आमचा लेखनाचा वर्ग म्हणजे पुरुषोत्तम करंडकाची तालीम. १९६३ पासून चालू आहे ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, आणि भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ओरडणाऱ्या निम्म्या लोकांनी तिथेच पहिल्यांदा काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या एकांकिकेत मुलगा बापाला म्हणायचा, 'तुम्ही माझ्या भावनांचा कधी विचारच केला नाहीत, बाबा.' मुलाचं काम करणारा रोज याच वाक्यावर अडखळायचा. मला वाटलं पाठांतर कच्चं. दिग्दर्शिका म्हणाली, वाक्य काढ, त्याला नुसतं ताट सरकवू दे. काढलं. बाप विचारतो, 'जेवलास?' मुलगा ताट सरकवतो. संपलं.

करंडक नाही मिळाला. पण संवाद लिहून झाला की अजूनही आधी स्वतः बोलून बघतो. घरचे म्हणतात, पुन्हा सुरू झाला.

कंपल्सरी इंग्लिश
माझं इंग्रजीचं. मराठी माध्यमातून आलेली, त्यामुळे आधी डोक्यात मराठी वाक्य, मग त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी. सर म्हणायचे, छोटी वाक्यं लिही, प्रत्येकात कर्ता आणि क्रियापद दिसलं पाहिजे. वर्षभर तसं लिहिलं. इंग्रजी जेमतेम सुधारलं, पण मराठी पत्रं वाचून मोठा भाऊ म्हणाला, हल्ली तुझं लिहिलेलं एका दमात कळतं.

काल धाग्यासाठी फाईल काढली. एका मराठी टिपणावर त्याच सरांचा शेरा सापडला, कारण मी तेही त्यांना दाखवलं होतं. वाक्य होतं, 'स्वारगेट. पहाटेचे चार. हातात ट्रंक, खिशात मामाचा पत्ता.' समासात लाल अक्षरात: 'क्रियापद कुठे आहे?' सर, तुमचं बाकी सगळं ऐकलं. इथे क्रियापद घालणार नाही.